आत्याबाईंच्या जीवनपटातून त्यांचं गाव कापू नका : स्मरणिका समितीस खुले पत्र

प्रति,
स्मरणिका समितीचे सभासद, पाळकसाहेब आणि मंडळीचे सर्व वडील,
मिरज, जि. सांगली.

सप्रेम सलाम.

आमच्या आत्याचा जीवनपट तुम्ही नाताळच्या स्मरणिकेसाठी मागितला, याचा घरातल्या सगळ्यांना आनंद झाला. मी चार पानं लिहून दिली. परवा त्यातलं दीड पान परत आलं. वर ‘संपादित, कुटुंबाच्या संमतीसाठी’ असा शेरा होता. संमती देण्याआधी हे पत्र लिहितो आहे. उघड लिहितो आहे, कारण आत्या एकट्या आमच्या घरची नव्हती. आपल्या चर्चच्या मंडळीत ती लहानथोर सगळ्यांची आत्याबाई होती, आणि हे दीड पान छापून आलं तर बायकांच्या बाजूच्या बाकांवरून पहिला प्रश्न येईल : ही कोण बाई?

संपादित मजकुरात लिहिलंय की तिचा जन्म ‘एका गरीब शेतकरी कुटुंबात’ झाला. आमच्या घरात शेतकरी कुणी नव्हतं. कवठेमहांकाळ तालुक्यात, ढालगावच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात आमचं घर मांगवाड्यात. जमीन नावालाही नाही. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं मागायचं. मी हे सविस्तर लिहिलं होतं, कारण आत्या हे सविस्तर सांगायची. बांधावरचं घायपात कापून ओढ्यातल्या डबक्यात कुजत घालायचं, बडवून त्याचा वाक काढायचा, तो वाळवायचा, आणि मग पोरांना टोकाला उभं करून चऱ्हाट वळायचं. कुजलेल्या घायपाताचा वास चार दिवस अंगाचा जात नाही आणि पाण्यानं हातापायाला खाज सुटते. दावं, कासरा, शिंकं ही पोरीबाळींची कामं. मोटेचा नाडा मात्र आजोबाच वळायचे. नाडा तुटला तर मोट विहिरीत जाणार आणि शिव्या मांगवाड्याला पडणार. आत्या सात-आठ वर्षांची असल्यापासून दोराच्या टोकाला उभी राहिलेली पोर होती. तिच्या तळहाताचे घट्टे तुमच्यापैकी ज्यांनी रविवारी तिच्याशी हात मिळवला, त्यांना आठवत असतील.

हे का कापलं, ते मला अंदाजानं कळतं. जात नको, वाडा नको, ख्रिस्तात सगळे एक. तत्त्व म्हणून मान्य. पण मग ‘शेतकरी’ का घातलं? जात काढायची होती तर जागा मोकळी सोडायची. तिथं वरची पायरी कशाला आणून बसवली?

दुसरं वाक्य, ‘बालपणापासून प्रभूची ओढ’. हे वाचून आत्या मोठ्यानं हसली असती. बालपणी तिला ओढ होती ती बार्शी लाईटच्या गाडीची. मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी ती छोट्या रुळांची गाडी 1927 साली या बाजूला आली, आणि आमच्या भागातल्या माणसाला जगात जायचं म्हणजे तीच वाट. आषाढीला टपावर माणूस बसलेला. आमची आजी माळकरी नव्हती, पण पंढरीला जायची. 1947 च्या उन्हाळ्यात साने गुरुजींनी उपोषण केलं आणि विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं. तोवर आपल्या लोकांनी चोखोबाच्या समाधीपाशी डोकं टेकून माघारी फिरायचं. देऊळ उघडल्याचं गावात कळलं आणि आजी पुढच्याच वारीला कडेवर दोनेक वर्षांची आत्या घेऊन गाडीत बसली. आत्याला त्यातलं काहीही आठवत नव्हतं, पण सांगताना आवाज चढायचा : “मी इठोबाच्या पायावर डोस्कं ठिवलंय. आयनं ठिवलंय माजं, धरून.” भगिनी मंडळाच्या प्रार्थनेत, साक्ष द्यायला उभी राहिली की सुरुवात इथून व्हायची. काही जणी चुळबुळायच्या. एका पाळकांनी तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की आत्याबाई, साक्षीची सुरुवात प्रभूपासून करावी. त्यावर ती म्हणाली, “सुरवात देव करतोय. मी करती व्हय?”

तुमच्या दीड पानात ही गाडी नाही, पंढरपूर नाही, आजी नाही.

आता मला एक विचारायचंय. याच स्मरणिकेत नारायण वामन टिळकांवर एक लेख आहे असं ऐकलं. व्हायलाच हवा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आयुष्याची शेवटची वर्षं आपल्या शेजारच्या साताऱ्यात काढली, तिथं 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला. ख्रिस्ताला मराठीत गाताना त्यांनी अभंग सोडला नाही, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड म्हणत. हे सगळं आपण अभिमानानं सांगतो, रविवारी गातोही. एका विद्वान कवीला पूल चालतो आणि मांगवाड्यातल्या अडाणी बाईला चालत नाही, असा नियम असेल तर तोही स्मरणिकेत छापा.

ओढ लागली ती पुढं, वानलेसवाडीला. आजोबांना क्षय झाला. 1950 च्या दशकातली गोष्ट. गावात क्षयाच्या माणसाला तोवर वेगळी झोपडी बांधून देत आणि वाट बघत. कुणीतरी सांगितलं वानलेसवाडीला मिशनच्या क्षयाच्या दवाखान्यात न्या. आजी, आत्या आणि माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, असे तिघं आजोबांबरोबर आले आणि महिनोन्‌महिने राहिले. सुया सुरू झाल्या. स्ट्रेप्टोमायसिन हे नाव आत्याला शेवटपर्यंत पाठ होतं, ती ‘टप्टोमायशिन’ म्हणायची आणि देवाच्या नावांच्या शेजारीच ठेवायची. सकाळी वॉर्डात पेटी यायची, एक भजन व्हायचं, शास्त्रपाठ व्हायचा. त्या भजनाची चाल तिला ओळखीची वाटली, एवढंच. शब्द नंतर कळले.

तिला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. गावात आमच्या बायकांनी विहिरीच्या कडेला कळशी घेऊन थांबायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. इथं दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या आयाबाईनं या दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात दवाखान्याची कळशी दिली आणि म्हणाली, “नुसती बसलीयंस कशाला, पाणी भर.” त्या पाण्याचा सगळ्या वॉर्डाचा चहा झाला. आत्या सांगायची, मी दिवसभर बघत हुते, कोण थुकतंय का. कुणी थुंकलं नाही. तिच्या विश्वासाची गोष्ट कुठून सुरू होते असं मला विचाराल तर मी या कळशीपासून सांगेन. हा प्रसंग तुम्ही ‘वानलेसवाडी येथील वास्तव्यात तिला सुवार्ता समजली’ एवढ्यात बसवलाय. चूक नाही. पण कळशी कुठं गेली?

आजोबा वाचले. पण ‘संपूर्ण कुटुंबाने एकमुखाने प्रभूचा स्वीकार केला’ हे वाक्य कुणी लिहिलं, मला खरंच माहीत नाही. माझ्या कागदात ते नव्हतं. आमच्या घरात बाप्तिस्मा एकट्या आत्यानं घेतला, तोही पुढं बऱ्याच वर्षांनी. भावकीनं “बाटली”, “किरिस्ताव झाली” म्हणून दोन वर्षं पत्रावळ टाकली नाही. आजी शेवटपर्यंत पंढरीला जात राहिली. आणि आबांनी बाप्तिस्मा घेतला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मंडळीतल्या अनेक घरांत हीच गोष्ट आहे आणि ती कुणी बोलत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर. मांगवाड्यातून पाण्यात उतरलेला माणूस वर आला की सरकारदरबारी त्याची अस्पृश्यता संपली असं कागद म्हणतो, गाव म्हणत नाही. आबांना शिकायचं होतं, वसतिगृह हवं होतं, नोकरी हवी होती. त्यांनी दाखल्यावरची जात राहू दिली आणि खोटं नको म्हणून बाप्तिस्म्यापासून लांब राहिले. आयुष्यभर ते चर्चमध्ये आले आणि शेवटच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्यांनाच, म्हणून त्या वेळी उठून बाहेर कडुनिंबाखाली उभे राहायचे. आत्या प्रभुभोजन घेऊन थेट तिथं यायची. त्या दोघांत यावरून कधी शब्द झाल्याचं मी ऐकलं नाही. त्यांचं भांडण व्हायचं ते हलगीवरून.

ते सांगतो, जरा आडवळण झालं तरी. आजोबा हलगी वाजवायचे, जत्रेत, वरातीत, कुणी मेलं तरी. आबांना त्या वाद्याचा संताप होता. दुसऱ्याच्या दारात वाजवून भाकरी मिळवायची म्हणून. आत्याचं म्हणणं, चामडं काय पाप करतंय? नाताळच्या पहाटेच्या गाण्यांना हलगी लावा, अशी तिनं कितीतरी वर्षं कमिटीच्या मागं भुणभुण लावली. मंडळी बहुतेक आपल्याच लोकांची, आणि जे हात वाजवणं सोडून इथवर आले, त्यांना ते परत नको होतं. मला आबांची बाजू पटते. तरी गावाकडं एका नाताळला आत्यानं शेकोटीवर हलगी तापवून स्वतः घेतली आणि तास-दीड तास वाजवली, ते मी बघितलंय, आणि आबा घराबाहेर न जाता ऐकत बसले होते, तेही.

पुढचं वाक्य, ‘आजीवन अविवाहित राहून तिने स्वतःस प्रभुसेवेस वाहून घेतले.’ बंधूंनो, आत्याचं लग्न झालं होतं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी, सांगोल्याकडच्या गावात. चारेक वर्षं नांदली, मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली. सवतीवर राहायचं नाही म्हणून ती निघाली. पंचांत काडीमोड झाली. माहेरी आली तर घरात खाणारी तोंडं जास्त. मग एका गाठोड्यात दोन लुगडी बांधून त्याच छोट्या गाडीत बसली आणि मिरजेला उतरून त्या जुन्या आयाबाईचं घर शोधत गेली. देवानं बोलावलं म्हणून निघाली नाही. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून आली. तीच तसं सांगायची. आज मंडळीत टाकलेल्या, माघारी आलेल्या मुली नाहीत का? त्यांना या बाईचा आधार झाला असता. ‘आजीवन अविवाहित’ बाईचा काय होणार?

नोकरीचं थोडक्यात. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उघडलं, पुढं डॉक्टर आणि नर्स शिकवायची सोय केली, आणि हे गाव अर्ध्या कर्नाटकाचं दवाखान्याचं गाव झालं. स्मरणिकेत त्यांच्यावर चार पानं आहेत, ती हवीतच. पण आत्या ‘परिचारिका’ नव्हती. ती आया होती. पॅन उचलणं, फरशी पुसणं, बाळंतिणीचे कपडे धुणं, रात्री मेलेल्या माणसाचं अंग पुसून नीट करणं. कुणी चुकून सिस्टर म्हटलं तर ती तिथल्या तिथं दुरुस्त करायची, कारण सिस्टरांशी तिचं रोज वाजायचं आणि त्यांच्यात जमा होण्याची तिला हौस नव्हती. 1972 च्या दुष्काळात गावाकडं सगळे खडी फोडत होते, सुकडी आणि मिलो ज्वारी खात होते, तेव्हा या आयाच्या पगारावर आमच्या घरातली चूल दोन वेळा पेटायची. माझं नाव शाळेत घातलं तेही तिच्या पैशावर.

वाचायला ती तिशीच्या आसपास शिकली. मंडळीच्या बायबल बाईंनी शिकवलं, मोठ्या टायपातल्या शुभवर्तमानावरून. बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटपर्यंत तसंच वाचायची. पण अर्थाला पक्की. तेविसावं स्तोत्र वाचलं की शहरात वाढलेल्या पाळकांची ती परीक्षा घ्यायची : मेंढका रात्री कुठं झोपतो? उत्तर यायचं नाही. मग सांगायची. आमच्याकडं धनगर दोर न्यायला यायचे, त्यांच्या वाड्यावर ती राहिलेली. वाघर म्हणजे जाळी लावून मेंढरं आत घातली की मेंढका वाघरीच्या बाहेर झोपतो, लांडगा येणार त्या अंगाला. “आत नसतोय झोपत. तुम्ही सांगतासा तसा गादीवर बसून राखत नसतोय.” पाळकसाहेब, मागच्या वर्षी तुमच्या उपदेशात हे आलं होतं. सगळ्यांना आवडलं. ते कुठून आलं हे छापायला काय हरकत आहे?

आणि ‘शांत, मितभाषी’! कापणीच्या सणाच्या लिलावात ही मितभाषी बाई दोन डॉक्टरसाहेबांना एकमेकांवर घालायची आणि गावाहून आणलेला एक भोपळा चिकन बिर्याणीच्या भावानं विकायची. उपदेश लांबला की पिशवीची चेन उघडझाक करायची. मिश्री लावायची, सोडीन म्हणून दर लेंतकाळाला वचन द्यायची आणि पुनरुत्थानाच्या रविवारी दुपारी डबी काढायची. हे मी लिहिलं होतं, ते काढलंत. मिश्रीचं वाटल्यास काढा, डॉक्टरांच्या गावात बरं दिसत नाही.

पाण्याचं मात्र ठेवा. तुम्ही तेही कापलंय आणि त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. आत्याची खोली म्हणजे आमच्या गावाची मिरजेतली धर्मशाळा. ऑपरेशनला आलेला कुणीही, कुठल्याही आळीचा, तिच्याकडं उतरायचा. ज्यांच्या विहिरीवर आजी ताटकळायची, त्या घरचे लोकही आले. दवाखान्यात डबा देणं, डॉक्टरांशी बोलणं, रात्री उशाशी बसून प्रार्थना करणं, सगळं करायची. जुनं कधी काढलं नाही. पण अशा घरचं माणूस आलं की पाणी स्वतः द्यायची. मी किंवा बहीण उठलो तर डोळ्यांनी खाली बसवायची. स्वतः तांब्या भरायची, पेला पुढं करायची आणि पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची. यात क्षमा किती होती आणि हिशेब किती, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही होतं, एवढं नक्की. तिच्या दफनाला गावाहून टेंपो भरून माणसं आली, त्यांत त्या घरच्या दोन म्हाताऱ्या होत्या, गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या. मूठभर माती टाकून त्यांनी “पांडुरंग, पांडुरंग” म्हटलं तेव्हा आपल्यातल्या काहींनी एकमेकांकडं बघितलं. आत्या असती तर “आमेन” म्हणाली असती आणि वर चहा झाला का विचारलं असतं.

समितीवर माझा राग नाही. तुम्ही तिच्यावर प्रेम केलंत, शेवटच्या आजारात पाळीपाळीनं रात्री जागलात, हे घर विसरणार नाही. मी स्वतः सभासद नाही. आबांच्या बाकावर बसणारा आहे, तेव्हा अधिकारानं मागता येत नाही हेही कळतं. पण मृत माणसाला अंघोळ घालून स्वच्छ कपडे घालणं वेगळं आणि त्याचा चेहरा बदलणं वेगळं. आत्यानं ते काम वर्षानुवर्षं केलं, तिला फरक माहीत होता.

म्हणून विनंती अशी. चार पानं जास्त होत असतील तर शेवटची दोन कापा. सेवानिवृत्तीचा सत्कार, भगिनी मंडळाचं कोषाध्यक्षपद, मिळालेल्या शाली हे सगळं गेलं तरी चालेल. मांगवाडा, छोटी गाडी, कळशी, काडीमोड आणि पाण्याचा पेला एवढं जसंच्या तसं राहू द्या. आबांचं नाव घालायचं की नाही हे मी आबांना विचारलं. “घाल, आता माझा कोण दाखला बघतोय,” म्हणाले. फोटो तुम्ही निवडलाय तो पांढऱ्या साडीतला, स्टुडिओतला. त्याऐवजी कापणीच्या सणातला भोपळ्यासकटचा लावा, मी तो आजच सचिवांकडे दिला आहे. आणि पानांचाच प्रश्न असेल तर तोही सोडवू. गावाकडं म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून माझ्या मेव्हण्यानं द्राक्षबाग लावली आहे. पूर्ण पानाच्या जाहिरातीचा दर कळवा. बागेच्या नावानं दोन पानांचे पैसे भरतो आणि तेवढी जागा आत्याला द्या. मुद्रितं येत्या रविवारच्या आत मिळाली तर बघून लगेच परत करतो.

आपला नम्र,
आत्याबाईंचा भाचा